देवगिरीवर भांडी कोण घासायचं?

शेवंता_नाशिक (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन देवगिरी बघून आलो. लेक चौथीत. गाइड चांगला होता, पण त्याची गाडी ठरलेल्या रुळावरून चालायची. इथे शत्रू यायचा, इथे खंदकात पडायचा, इथे अंधारीत (काळोख्या भुयारात) एकमेकांनाच कापायचा, इथे मेंढा तोफ. दोन तास नुसती मारामारी.

वर बारादरीत धापा टाकत पोचलो, दशम्या सोडल्या. खाता खाता लेकीने विचारलं, "राजा इथे राहायचा ना? मग त्याची भांडी कोण घासायचं? आणि तिचं घर कुठेय?"

गाइड म्हणाला, "ते सगळं खाली होतं. पडलं."

तेव्हापासून तो प्रश्न माझ्याच डोक्यात बसलाय. मलाही भिल्लम, रामदेवराय, खिलजी, तुघलक एवढीच नावं येतात. एवढ्या मोठ्या किल्ल्यावर राहत कोण होतं? जाणकारांनी सांगावं. (कृपया यादव–खिलजी युद्ध इथे पुन्हा लढू नये.)

नाठाळ

भांडी घासायची वेळच आली नसणार. चाटूनपुसून साफ करत असतील. १२९६ मध्ये तर नक्कीच.

खडकीकर

ताई, गाइड अर्धं बरोबर बोलला.

बघायला आपण जातो तो उभा डोंगर. कडा तासून गुळगुळीत केलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक, आत शिरायला एकच चिंचोळी वाट. तिथे राहणारी माणसं मोजकीच. शहर खाली होतं, तीन तटांच्या आत. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग डोंगराला चिकटून काळाकोट. तुम्ही तिकीट काढून शिरलात तो महाकोट. अंबरकोट तुम्ही गाडीत बसूनच ओलांडलात. वेरूळच्या रस्त्यावर वेशीतून गाडी जाते तोच. तिथे ट्रक अडकला की अर्धा तास इतिहासात जातो.

महाकोटात चांदमिनारकडे जाताना दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीच्या भिंती दिसल्या असतील. लोक त्यावर बसून भेळ खातात. ती घरं आहेत. डेक्कन कॉलेजच्या प्रा. म. श्री. माटे यांनी १९८० च्या दशकात तिथे खोदकाम केलं होतं. पाणी आणायला खापरी नळ होते, त्यांचे तुकडे अजून दिसतात. हत्ती हौद आणि सरस्वती बाव तर तुम्ही पाहिलीच असेल. एवढा पाणीसाठा राजाला आंघोळीला लागत नाही, तो शहराला लागतो.

म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर भेळेच्या कागदाखाली आहे.

शेवंता_नाशिक

@खडकीकर, आम्हीही तिथेच बसून चहा प्यायलो. आता वाईट वाटतंय.

बोरूबहाद्दर

@नाठाळ, चेष्टा केलीत, पण मिठाच्या गोष्टीत बरंच काही आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अल्लाउद्दीन अचानक येऊन ठेपला. रामदेवरायाचं सैन्य मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, बाहेर होतं. राजा गडावर कोंडला गेला. खाली कोकणातून आलेले व्यापारी पोती टाकून पळाले होते, ती घाईघाईने वर चढवली. धान्य आहे म्हणून उघडली तर मीठ. मग तह, खंडणी.

पहिली गोष्ट ही की हे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो, आणि तो लिहितोय त्यानंतर तीनशे वर्षांनी. त्यामुळे चिमूटभर मीठ घालूनच वाचावं. (माफ करा, राहवलं नाही.)

दुसरी गोष्ट अशी की खरी असो वा रचलेली, ती रचणाऱ्याला देवगिरीचा बाजार ठाऊक होता. कोकणातून मीठ घाटावर चढायचं ते बैलांच्या पाठीवर. ते तांडे राजधानीच्या तटाखाली उतरत असणार, त्याशिवाय ही गोष्ट सुचत नाही. ताईंनी विचारलेल्या रहिवाशांत हे बैलवालेही धरा. मुक्कामाला असतील, पण होते.

तिसरी गोष्ट मला जास्त बोचते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजाला न्यायाने राज्य करणारा म्हटलंय तो हाच रामचंद्र, म्हणजे रामदेवराय. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे इसवी सन १२९०. त्यानंतर सहाच वर्षांत त्याच्या गडावर खायला दाणा नव्हता. ११८७ च्या सुमारास भिल्लमाने राजधानी केली, तेव्हापासून शंभर वर्षं कुणी दारात आलं नव्हतं. कोठार भरून ठेवायची सवयच मोडली असणार.

नाठाळ

यादवांच्या प्रधानाने, हेमाद्रीने, व्रतांवर एवढा मोठा खंड लिहिला. सगळ्या प्रजेला उपास शिकवले आणि नेमका राजाच कच्चा राहिला.

बोरूबहाद्दर

@नाठाळ, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

कटकवासी

माझं नाव बघून ओडिशाचा समजू नका. लीळाचरित्रात देवगिरीचा उल्लेख 'कटकदेवगिरी' असा येतो. कटक म्हणजे सैन्याचा तळ, राजधानीची छावणी. गंमत अशी की पुढे इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आला, त्यानेही शहराचे तीन भाग सांगितले. सुलतानाच्या सैन्याचं दौलताबाद, दुसरा कटक आणि तिसरा देवगिरीचा बालेकिल्ला. यादव गेले, खिलजी आले आणि गेले, तुघलकाने नाव बदललं, तरी खालच्या वस्तीला लोक कटकच म्हणत होते. वरच्यांनी कागदावर काय लिहायचं ते लिहावं, खालचे बोलायचं तेच बोलतात.

दिल्लीदूरनाही

तुघलकाचा विषय निघालाच आहे तर… एवढी माणसं दिल्लीहून हाकलत आणणारा वेडाच म्हणायचा ना? भांडी घासणाऱ्या बायाही दिल्लीच्याच असतील.

गणितीकाका

वेडा वगैरे शाळेच्या पुस्तकातलं आहे. दक्षिणेवर राज्य करायचं तर दिल्लीतून होत नाही, एवढं त्याला कळत होतं. १३२७ च्या सुमारास रस्त्याला झाडं लावली, मुक्कामाच्या सोयी केल्या आणि मग माणसं हलवली. तीही सगळी दिल्ली नव्हे. मुख्यतः अंमलदार, उलेमा, सूफी, त्यांचे नोकरचाकर. आपल्याकडे आजही मुख्यालय हलवायचं म्हटलं की कर्मचारी रजेवर जातात. त्याचं चुकलं ते माणसं ओढून नेण्यात, जागा निवडण्यात नव्हे.

दिल्लीदूरनाही

इसामीला, त्या काळच्या कवी-इतिहासकाराला, विचारा की. त्याचे नव्वदीचे आजोबा वाटेतच गेले. तो सुलतानाला 'दूरदृष्टीचा' म्हणत नाही.

गणितीकाका

इसामीने लिहिलं ते बहमनी सुलतानासाठी, आणि बहमनी राज्य तुघलकाविरुद्ध बंड करूनच उभं राहिलं. १३४७ मध्ये हसन गंगूला तख्तावर बसवलं तेही दौलताबादेतच. तेव्हा इसामी कुणाला शिव्या घालणार हे उघड आहे.

दिल्लीदूरनाही

आजोबा तर खरे गेले ना?

गणितीकाका

हो. ते मान्य.

पहाटवारा

प्रकाटाआ.

संपादक

वरील प्रतिसाद सदस्याने स्वतःच काढला आहे. शहराच्या आणि गडाच्या नावांवरून सुरू होऊ घातलेली चर्चा इथेच थांबवावी, त्यासाठी सतरा धागे आधीच आहेत. देवगिरी म्हणा की दौलताबाद, रहिवाशांवर बोला.

जलरंग

रहिवाशांवरच बोलते. तुघलकाबरोबर आलेले सगळे परत गेले नाहीत. पुढे दहाएक वर्षांनी परतायची मुभा मिळाली, पण बरेच राहिले. दौलताबादहून खुलदाबादला जाताना कागजीपुरा लागतो. हाताने कागद करणाऱ्यांचं गाव. आपले पूर्वज त्या स्थलांतरात आले असं तिथले लोक सांगतात. मी चित्रांसाठी तिथला कागद वापरते. कडा सरळ नसतात, रंग पितो, पण जो पोत मिळतो तो दुकानच्या कागदात नाही. चिंध्या कुटून लगदा, मग हौदातून चाळणीवर उचलायचा. उचलणाऱ्याच्या मनगटाकडे बघत राहावं.

खुलदाबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे, तेही दिल्लीहूनच आले. बुऱ्हाणपूरला नाव त्यांच्यावरूनच. अमीर हसन हा कवी, अमीर खुसरोचा मित्र, तोही तिथेच पुरलाय. म्हणजे तुघलकाची राजधानी बसली नाही, पण माणसं बसली.

मांजरप्रेमी

इब्न बतूताने उंदरांबद्दलही लिहिलंय, ते कुणी सांगितलं नाही? गडावरच्या तुरुंगात मांजरांपेक्षा मोठे उंदीर होते, मांजरंच त्यांना भिऊन पळायची. एका अफगाण सरदाराने त्याला स्वतःची हकिकत सांगितली. रात्रभर उंदीर अंगावर यायचे, हा त्यांच्याशी झुंजत बसायचा. शेजारच्या कोठडीतला कैदी आजारी पडला, त्याची बोटं आणि डोळे उंदरांनी खाल्ले, तेव्हा सुलतानाने याला सोडलं.

गडाचे सगळ्यात जुने आणि सलग रहिवासी कोण, याचं उत्तर मिळालं असेल.

नाठाळ

आता कळलं धान्य कुठे गेलं.

शेवंता_नाशिक

हे लेकीला सांगणार नाही. अंधारीतल्या वटवाघळांनीच दोन रात्री जागवलंय.

सुरेलबेसूर

त्याच बतूताने चांगलंही लिहिलंय, ते सांगतो. शहरात गाणाऱ्यांचा वेगळा बाजार होता, तरबाबाद नावाचा. दुकानांना गालिचे, आत झोपाळा, त्यावर गाणारी सजून बसलेली. मध्ये मोठा मंडप. दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की गाणाऱ्यांचा मुखिया तिथे येऊन बसायचा आणि एकेक ताफा पुढे होऊन गायचा. द्राक्षं आणि डाळिंबंही खाल्ली त्याने. इथल्या मराठी माणसांचं जेवण भात, भाजी, तिळाचं तेल, आणि आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत, हेही टिपलंय.

गाण्याची परंपरा त्याआधीपासूनची. सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता, संगीतरत्नाकर लिहिणारा. आजोबा काश्मीरहून आलेले. आणि हा माणूस पोटापाण्यासाठी काय करायचा माहीत आहे? हिशेब. श्रीकरण खात्याचा वरिष्ठ.

टॅलीजुळेना (निवृत्त)

@सुरेलबेसूर, तुम्ही माझ्या दुखत्या आणि अभिमानाच्या जागी एकदमच हात घातलात.

बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी रोखपालाच्या पिंजऱ्यात. घरचे म्हणायचे, आकड्यात डोकं घालून माणूस कोरडा होतो. त्यांना देवगिरी दाखवायला हवा. शार्ङ्गदेव श्रीकरणातला. हेमाद्री श्रीकरणाचा प्रमुख, मोडीपासून मंदिरांपर्यंत लोक सगळं त्याच्या नावावर टाकतात, ते किती खरं तो वेगळा विषय. आणि तिसरे आमचे नाथ.

जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते. पैठणचा एकनाथ लहानपणीच त्यांच्याकडे आला आणि गडाचा हिशेब लिहायला लागला. एका रात्री एका पैची चूक निघेना. तेल संपत आलं, गडी झोपले, हा एकटा बसलेला. पहाटे चूक सापडली आणि पोरगं आनंदाने टाळ्या पिटायला लागलं. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग हीच एकाग्रता देवाकडे लाव.

आख्यायिका आहे, मान्य. पण ती आनंदाची टाळी कुणा हिशेबनिसानेच गोष्टीत घातली असणार, कीर्तनकाराला ती सुचायची नाही. मार्चअखेरीला रात्री साडेअकराला सत्तर पैशांचा फरक सापडला तेव्हा मी आणि शिपाई, दोघांनी मिळून टेबल बडवलं होतं. देवाकडे काही लागलं नाही, शेवटची बस मात्र चुकली.

या गडाने लढवय्ये किती दिले ते तुम्ही मोजा. कारकुनांच्या बाबतीत मात्र आमचा किल्ला पहिला.

खडकीकर

दंडवत काका. स्वामींचं स्थान गडावर आहे, लोक श्रद्धेने जातात. गुरुवारी स्वामींच्या पूजेसाठी गडाचं कामकाज बंद असायचं, हीही आठवण सांगतात. इंग्रज यायच्या आधी मराठवाड्याला साप्ताहिक सुट्टी होती, बघा!

सुरेलबेसूर

तिकडे तरबाबादेत गुरुवार, इकडे स्वामींचा गुरुवार. मध्ये दोनशे वर्षं. योगायोगच म्हणू, नाहीतर उद्या कुणी 'शोधनिबंध' पाडेल.

सिंदखेडचा

हिशेब, गाणी झाली असतील तर एक कडू गोष्ट सांगतो. आमच्याकडची आहे.

लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील. सिंदखेडकर जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवतात. १६२९ च्या जुलैत निजामशहाने लखुजींना याच किल्ल्यात दरबाराला बोलावलं. ते दोन मुलं आणि एका नातवासह मुजऱ्याला गेले आणि दरबारातच चौघांना कापलं. घरची माणसं बाहेर तळावर होती, खबर आली तशी सिंदखेडला निघून गेली. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर महाराजांचा जन्म.

ज्या घराण्याने पूर्वज म्हणून ज्या गडाचं नाव सांगितलं, त्याच गडावर हे घडलं. गाइड हे एका वाक्यात सांगतो, काही तेही सांगत नाहीत. आम्हाला लहानपणी आजोबा गडाच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, तुम्ही जा वर, मी इथे बसतो.

पहाटवारा

@सिंदखेडचा, अंगावर काटा आला.

शेवंता_नाशिक

आम्हाला गाइडने सांगितलंच नाही. शिवरायांचा आणि या गडाचा काही संबंध नाही, असंच लेकीला सांगितलं गेलं.

बोरूबहाद्दर

मालकीचा संबंध नाही हे खरं, महाराजांकडे हा गड कधी नव्हता. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशव्यांकडे आला तोही थोड्या दिवसांसाठी. आणि लखुजींच्या खुनाने निजामशाही वाचली का? चार वर्षांत, १६३३ ला, मलिक अंबरच्या मुलाने, फत्तेखानाने, गड मोगलांना दिला. बापाने मोगलांना पंचवीस वर्षं झुंजवलं, मुलाने किल्ली हातात ठेवली.

मांजरप्रेमी

मोगलांनी मग गडाचा तुरुंगच केला. चिनी महालात गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशहा १६८७ नंतर मरेपर्यंत होता, डझनभर वर्षं. भिंतीला निळ्या-पिवळ्या फरशा होत्या, म्हणून चिनी महाल. त्याच्या वाट्याला उंदीर आले की नाही, लिहिलेलं नाही.

जलरंग

त्या फरशांचे चारदोन तुकडे अजून भिंतीवर आहेत. दुपारी चारनंतर तिरकं ऊन पडतं तेव्हा बघा. मला नेहमी वाटतं, त्यालाही रोज तेवढीच वेळ बरी जात असेल.

गणितीकाका

धागा छान चाललाय, पण मूळ प्रश्न राहिला. कवी, कैदी, कारकून, सूफी, सुलतान सगळे आले. भांडी घासणारी आली नाही.

नाठाळ

ती कामावर आहे. धागे वाचायला वेळ कुठला.

दिल्लीदूरनाही

@नाठाळ, पहिल्यांदाच सहमत.

वेशीतली

वर्षभर नुसती वाचक होते, या धाग्यासाठी खातं उघडलं.

माझं आजोळ दौलताबाद. किल्ल्याजवळ नाही, किल्ल्यात. गाव अंबरकोटाच्या आतच वसलेलं आहे. बाहेरून आलेल्यांना वाटतं गड तिकिटाच्या खिडकीपासून सुरू होतो, पण मामाच्या गोठ्याची मागची भिंत म्हणजे जुन्या बांधकामाचा उरलेला तुकडा. न्हाणीतला कपडे धुवायचा दगड घडीव आहे, एका कडेला नक्षीचं अर्धं फूल. लहानपणी त्या फुलाच्या खाचेत साबणाचा चुरा अडकायचा, तो नखाने काढायचं काम माझ्याकडे.

खडकीकर म्हणतात ते बरोबर, महाकोटातली घरं पडली. पण 'सगळं पडलं' हे खरं नाही. आमच्या गावात दोन हजार वर्षांच्या गप्पा कुणी मारत नाही, पण सीताफळाच्या दिवसांत अर्धं गाव गडाच्या दारात पाट्या घेऊन बसतं. हंगाम नसेल तेव्हा पेरू. मामी वीस वर्षं बसते. शेवंताताई, दिवाळीत आला होतात म्हणजे तुम्ही बहुतेक कुणाकडून तरी घेतलीच असतील.

तुमच्या लेकीचा प्रश्न काल मामीला फोनवर वाचून दाखवला. म्हणाली, "भांडी कोन घासायचं म्हंजे? आमीच की. पोरीला सांग, पुढच्या टायमाला वर चढायच्या आधी घरी ये, पानी पिऊन जा."

शेवंता_नाशिक

हो, घेतली होती. एक डझन. त्या बाईंनी वर एक जास्तीचं घातलं होतं, लेकीच्या हातात. नारिंगी लुगडं, कपाळावर मोठं गोंदण?

वेशीतली

गोंदण आहे. लुगड्याचं विचारून सांगते.

टॅलीजुळेना (निवृत्त)

तेरा सीताफळं, पैसे बाराचे. हिशेबात एकाचा फरक येतोय, पण हा मी शोधणार नाही.

नवा_भिडू

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. रविवारी जायचा विचार आहे. मेंढा तोफेपर्यंत दुचाकी जाते का?